मॅडमच्या हातातलं बटण

आमच्याकडे एक माणूस दवाखान्यात निघाला की त्याच्यासोबत अर्धं घर निघतं. दाढ एकाची दुखते, पण खुर्चीभोवती सासू असते, दीर असतो, शेजारीण असते, आणि घरी एकटी राहत नाही म्हणून आणलेली एखादी लहान पोरही असते. यात कोणाला वावगं वाटत नाही. उलट जो बाहेर थांबला त्याला माया नाही, असं समजतात. मयुरी टेंभरे मॅडमनी दवनीवाड्यात दातांचा दवाखाना उघडला आणि या मायेच्या लोकांना एक्स-रेच्या खोलीतून बाहेर काढायला सुरुवात केली.

"चला, सगळे बाहेर. इथं शूटिंग नाही चालू."

"अवो बाई, मी सासू आहे तिची."

"म्हणूनच बाहेर. सुनेच्या दातापायी सासूले काही होऊ नये."

म्हातारी हसत हसत बाहेर जायची. मी हे बोलले असते तर ती माझ्या आईकडे तक्रार घेऊन गेली असती. पहिल्या दिवसापासून मला मॅडमबद्दल जे वाटलं ते हेच. चांगला शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही. हेवाच वाटला.

मी काजल. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. सकाळी बसनं गोंदियाला बीएस्सीच्या तासांना जायचे आणि परत आल्यावर मॅडमच्या दवाखान्यात बसायचे. नावं लिहून घ्यायची, हत्यारं उकळायची, लोकांना रांगेत ठेवायचं. डॉक्टरकीची परीक्षा मी दोनदा दिली होती. दोनदाही जमलं नव्हतं. तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की आपल्या घरात कोणी शिकलेलं नाही, विचारायला कोणी नाही, आपलं कसं होणार. मग मॅडम या गावात सून होऊन आल्या. त्या आमगावकडच्या. वडील धानाचे शेतकरी, आई अंगठा लावणारी, घरात शिकलेल्या त्याही पहिल्याच. माझ्याजवळ एक सबब होती, ती त्यांनी येताच काढून घेतली. आई तर रोज ऐकवायची, "तिच्याकडे पाय जरा. तिच्या घरी का मास्तर होते?"

गावच्या नात्यानं त्या माझ्या वहिनी. पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "दवाखान्यात मॅडम म्हण. वहिनी म्हटलं की लोक पाय पसरून बसतात आणि चहा मागतात."

पहिल्याच दिवशी मी चूक केली. खोलीत किरण अडवणारा शिशाचा एप्रन होता, दाराच्या फळीएवढा जड. मी तो छान चौघडी घालून टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उचलला, झटकून उलगडला, उजेडासमोर धरला आणि आडव्या दांड्यावर टांगला. "याची घडी घालायची नाही. आतलं शिसं चिरतं, आणि चीर डोळ्यांना दिसत नाही." एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रागावलेली माणसं समजतात. अशी न रागावता दुरुस्त करणारी माणसं मला अवघड जातात.

एक्स-रेचं मशीन भिंतीवर बसलं तो दिवस गावाला आठवतो, कारण त्यानंतर कितीतरी दिवस ते चालूच झालं नाही. तपासणीचा अहवाल आणि खोलीचा नकाशा एक्स-रेला परवानगी देणाऱ्या मुंबईच्या मंडळाकडे गेला होता, आणि नोंदणी होऊन येईपर्यंत वीज जोडायची नाही असं मॅडमचं म्हणणं होतं. मशीनवर त्यांनी जुनी चादर टाकली होती. लोक येऊन चादर उचलून बघून जायचे. त्यांच्या सासूबाई, भागरथाबाई, त्यांनी तर गावभर सांगितलं होतं की पहिला फोटो त्यांच्या दाढेचा निघणार.

"मशीन लागली ना? मंग काढ."

"परवानगी नाही आली, आई."

"परवानगी दाताची का मशीनची? दात माझा, मशीन तुझी. मुंबईवाल्याचा का संबंध?"

"त्याचा संबंध नाही तर माझाही नाही. मग चादर राहू द्या."

"देवळात मूर्ती आली की लोक प्राणप्रतिष्ठेआधीबी पाया पडतात."

"पडा ना पाया. वीज नाही जोडणार."

भागरथाबाईंनी खरंच मशीनला नमस्कार केला, रागानं, आणि दाढ दाखवायला गोंदियाला गेल्या. तिथल्या एका डॉक्टरनं कॅमेऱ्यासारखं हातात धरायचं मशीन गालाजवळ आणून चुटकीसरशी फोटो काढला, हे त्यांनी परत आल्यावर आमच्यासमोर मोठ्यानं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "आणि तोंडातली फिल्म कोणी धरली होती?"

"त्यानंच. त्याच्या बोटानं. किती प्रेमानं धरली!"

मॅडमचा चेहरा मी पाहिला. नंतर मला म्हणाल्या, "रोज दहा लोकांवर असं प्रेम केलं तर किरण खाऊन खाऊन त्याचं बोट एक दिवस त्याला जाब विचारंल." त्यांची म्हणच होती, आपला दात, आपलं बोट. पुढं परवानगी आली, मशीन चालू झालं. फिल्म धरायला त्यांच्याकडे प्लास्टिकचा चिमटा होता. तो कुठल्या तोंडात बसला नाही तर पेशंटनं स्वतःच्या बोटानं धरायची. डॉक्टरनं नाही, नर्सनं नाही, काजलनं तर नाहीच. एखादा पेशंट तोंडात बोट घालून, डोळे गच्च मिटून बसलेला असायचा आणि मॅडम शिशाची काच बसवलेल्या आडभिंतीमागून ओरडायच्या, "दादा, श्वास घेतला तरी चालंल. फक्त हलू नका."

बायकांना त्या आधी एक प्रश्न विचारायच्या. दिवस गेलेत का, पाळी चुकली आहे का. तसा फलकही दारावर होता. कोणी हो म्हटलं तर फार गरज असल्याशिवाय फोटो काढायच्या नाहीत, औषध देऊन पुढं ढकलायच्या. त्यांच्या मनात एवढंच असायचं की जे टाळता येतं ते टाळावं. गावानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. गावानं ठरवलं की ती मशीन पोटातल्या लेकराला बघते. दोन जिवाच्या बायका दवाखान्यापुढून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागल्या. मॅडम हसायच्या. म्हणायच्या, "भीती तर भीती. निदान विचारल्याबिगर कोणी आत येत नाही."

मग एका संध्याकाळी पेशंट संपल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"काजल, नियमाप्रमाणे मी संस्थेच्या प्रमुखाला कळवलं आहे."

"काय मॅडम? कोणाला?"

"मलाच." आणि त्या एकदम हसल्या. "एक्स-रेवर काम करणाऱ्या बाईला दिवस गेले की तिनं आधी प्रमुखाला सांगायचं असतं. प्रमुख मी. म्हणून मी मला सांगितलं. आता तुला सांगते. घरी अजून नाही."

मी त्यांचा हात धरला. मला आनंद झाला, हे खरं आहे. पण त्याच क्षणी मनात आलं की या बाईजवळ आनंदासाठीही नियम आहे, आणि त्यामुळं तिचा आनंद कसा नीट उभा राहतो. आमच्या घरात आनंदाची बातमी आली की सगळे गोंधळून जातात आणि कोणीतरी रडतं.

घरी कळलं ते मात्र नियमानं कळलं नाही. एक मावशी खुर्चीत बसल्या होत्या. एप्रन घातलेला, चिमटा तोंडात, मशीनचं नळकांडं गालाला लावलेलं, सगळं तयार. मॅडम आडभिंतीमागं गेल्या, त्यांनी बटण हातात घेतलं, आणि एकदम ते खुंटीला अडकवून मागच्या बेसिनकडे धावल्या. त्यांना उलटी झाली. आपण हलू नये म्हणून मावशी पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच मला खूण केली, दाब ना वं पोरी. बटण गुंडाळीच्या वायरला लटकून माझ्यापुढं हलत होतं. माझा हात उचलला गेला. मॅडम पाठमोऱ्या होत्या, तोंडात पाणी होतं. तरी त्यांनी तशाच अवस्थेत जोरात आवाज काढला, "उंऽहूं!" मी हात मागं घेतला. तोंड पुसून त्या आल्या, मावशींना पुन्हा नीट बसवलं, फोटो काढला. मावशी पदर सावरत थेट भागरथाबाईंच्या ओसरीवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी भागरथाबाई दवाखान्यात आल्या त्या वादळासारख्या. बातमीचा आनंद त्यांच्या तोंडावर होता आणि त्याच तोंडानं त्या भांडत होत्या.

"मशीन बंद. आजपासून बंद. लेकरू होईपर्यंत."

"आई, मी भिंतीमागं उभी राहते. तिथं काही येत नाही."

"तूच सांगते ना गावाले? दोन जिवाची बाई आत नको म्हणते ना? का गावच्या बायकांचं लेकरू लेकरू, अन माझ्या घरचं दगड?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. त्यांचाच फलक त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला होता. खुर्चीत बसून समोरून किरण घेणारी बाई आणि आडभिंतीमागं उभी असलेली बाई यांत फरक आहे, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण गावाला आम्ही फरक कधी सांगितलाच नव्हता. भीतीनं काम भागत होतं तोवर भागवलं होतं.

आणि मशीन बंद म्हणजे दवाखाना बंद, हेही सगळ्यांना कळत होतं. फोटो पाहिल्याशिवाय मुळाचं काम करायचं नाही हा त्यांचा दुसरा हट्ट. पेशंट गोंदियाला गेले असते. मग बाळ, मग बाळाचं दुखणंखुपणं, मग दुसरं बाळ. सुनेचा एकदा बंद झालेला दवाखाना पुन्हा उघडलेला निदान मी तरी पाहिला नाही.

तेवढ्यात भागरथाबाईंची नजर माझ्यावर पडली. "अवं, हे पोट्टी आहे ना! बीएस्सी करून राहिली. बटणच तर दाबाचं आहे. हे दाबंल, तू दूर बैस."

खरं सांगते, त्या क्षणी मला दवाखान्याची काळजी नव्हती. मला एवढंच दिसत होतं की आडभिंतीमागं मी उभी आहे, माझ्या हातात बटण आहे, आणि मी ओरडून सांगते आहे, हलू नका.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"काऊन नाही?"

"ती दाबू शकत नाही."

"हात नाहीत का तिले?"

"हात आहेत, आई. शिक्षण नाही. दातांचा डॉक्टर दाबू शकतो, नाहीतर एक्स-रेचं शिकलेला माणूस. ती दोन्ही नाही."

"कोण पाहाले येते इथं, दवनीवाड्यात?"

"मी पाहते ना."

भागरथाबाई माझ्याकडे वळल्या. "पाय वं, तुले काळजीनं नाही म्हणून राहिली का बटणाच्या लोभानं, सांगता येत नाही." त्या हे रागात बोलल्या. माझ्या मनात मात्र ते वाक्य जाऊन बसलं, कारण मी स्वतःशी नेमकं तेच बोलत होते. सगळे गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "मॅडम, मी शिकेन ना. रोज बघतेच आहे."

"शीक. मग ये. तोवर बटणाला हात लावलास तर कामावरून काढीन."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "का झालं वं?" सांगण्यासारखं काय होतं? एका बाईनं मला खरी गोष्ट सांगितली होती. मला वाईट वाटत होतं ते ती खोटी नव्हती म्हणून.

मशीन बंदच राहिलं. मॅडमनी भांडण केलं नाही. मशीनच्या नियमित तपासणीसाठी नागपूरहून एक इंजिनियर यायचा होता, त्याला त्यांनी लवकर बोलावलं आणि सासूबाईंना मुद्दाम हजर ठेवलं. त्यानं पेशंटच्या डोक्याच्या जागी पाण्यानं भरलेला डबा ठेवला आणि किरण मोजायचं यंत्र घेऊन खोलीभर फिरला. खुर्चीजवळ आकडा उडाला. आडभिंतीमागं, मॅडम उभ्या राहतात तिथं, बटण दाबलं तरी आकडा जागचा हलला नाही.

"पण काहीतरी दाखवून तर राहिला," भागरथाबाई म्हणाल्या. "शून्य कुठं आहे?"

इंजिनियर शांत माणूस होता. म्हणाला, "माँजी, इतना तो सब जगह रहता है. मिट्टी में, दीवार में, आसमान से भी आता है."

"सब जगह? मेरे घर में भी?"

"आपके घर में भी."

"चाल, दाखव."

आणि ती वरात खरंच निघाली. पुढं भागरथाबाई, मागं यंत्र धरलेला इंजिनियर, त्यामागं मॅडम, मी, आणि रस्त्यात जमलेली माणसं. स्वयंपाकघरात भागरथाबाईंनी चुलीकडे बोट केलं. यंत्रावर जवळपास तोच आकडा आला, आडभिंतीमागचा. मला वाटलं, झालं, सुटलं. पण भागरथाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे माझ्या चुलीपाशीबी आहे! मंग आता हे पोरगी रांधंल कुठं?"

मॅडम तिथंच उंबऱ्यावर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. इंजिनियरनं यंत्र बंद केलं आणि पाणी मागितलं. मीही प्रयत्न केला. अंतर दुप्पट झालं की किरण चौपट कमी होतात, हे मी कॉलेजात शिकले होते, ते मी भागरथाबाईंना समजावून सांगायला लागले. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पाणी आणायला उठले.

दोन दिवस त्या घरात मॅडमना चुलीपाशी जाऊ दिलं नाही म्हणे. भागरथाबाई स्वतः रांधत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना झाडत होते तर त्या एकट्याच आल्या. मॅडम टेबलाशी रिकाम्या बसल्या होत्या. भागरथाबाई उभ्याउभ्याच बोलल्या.

"त्या चुलीपाशी मी माझी चारही लेकरं पोटात वागवली. पहाटेपासून तिथंच. तुझा नवराबी तिथलाच. तेवढंच जर तुझ्या भिंतीमागं आहे, तर असू दे. पण जागा सोडाची नाही. जिथं यंत्र हललं नाही तिथंच उभी राय. अन मी रोज येऊन पाहीन."

त्या रोज आल्या. बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि दर फोटोच्या वेळी आत आवाज द्यायच्या, "पाय कुठं आहेत वं?" आतून उत्तर यायचं, "जागेवर, आई." येणाऱ्या बायकांना प्रश्नही त्याच विचारू लागल्या, आणि कोणी लाजली तर म्हणायच्या, "बोल न, पोरगा तर नाही मागून राहिली तुले." एवढंच नाही, तुमच्या सुनेला चालतं मग आम्हाला का नाही, असं कोणी म्हटलं तर खुर्ची आणि भिंत यांतला फरक त्या असा सांगायच्या की एकदा ऐकलेली बाई पुन्हा विचारत नसे. "पावसात उभं राहणं अन घरातून पाऊस पाहणं एकच का?" मॅडमनाही तो इतका सोपा सांगता आला नव्हता.

आणि मला? मला आता भागरथाबाईंचाही हेवा वाटायला लागला. त्या बाकावर आधी मी बसत असे. मॅडम आतून जी हाक द्यायच्या ती आधी माझ्यासाठी असे. दवाखाना वाचला होता आणि मी खूश होते, पण त्यात माझा हात कुठं नव्हता. दुसऱ्याचं चांगलं व्हावं असं वाटणं आणि ते आपल्यामुळं व्हावं असं वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तेव्हा कळलं. पहिलीची लाज वाटत नाही.

बीएस्सीचा निकाल लागल्यावर मी नागपूरला एक्स-रे तंत्रज्ञाच्या पदविकेला अर्ज केला. आईनं विचारलं, मास्तरीण काऊन नाही होत? मी म्हटलं, पाहीन पुढं. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही. प्रवेश मिळाल्याचं मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उशीर केलास. अर्ज सहा महिन्यांआधी भरायचा होता." मग थोड्या वेळानं, हातमोजे काढता काढता, "होस्टेलात मच्छरदाणी ने. नागपूरचे मच्छर आपल्याहून मोठे आहेत." निरोप म्हणून त्यांनी मला दिलं ते इतकंच.

निघायच्या दिवशी पिशवी घेऊन मी दवाखान्यात गेले. बसला वेळ होता थोडा. मॅडमना तेव्हा सातवा लागला होता, चालताना त्या जरा मागं झुकायच्या. आतून म्हणाल्या, "काजल का? थांब, एक फोटो घेते आणि येते." मी लोटलेल्या दाराच्या शिशाच्या काचेशी थांबले. खुर्चीत एक शाळकरी मुलगी होती, घाबरलेली, एप्रनखाली तिचे पाय दिसत होते तेवढेच. तिची आई माझ्या बाजूला बाहेर उभी होती. भागरथाबाई बाकावरून उठून माझ्या खांद्यामागून आत बघत होत्या. त्यांचा हात त्यांच्या नकळत स्वतःच्या पोटावर गेला होता. त्या मुलीच्या आईचाही गेला होता. मी खाली पाहिलं तर माझाही.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. कंडक्टर कोणाला तरी ओरडून बोलावत होता.

आडभिंतीमागं मॅडम उभ्या होत्या. एका हातात बटण होतं. दुसरा हात मोकळा होता, आणि तो पोटावर नव्हता. तो त्यांनी भिंतीतल्या काचेपुढं वर धरला होता, त्या मुलीला दिसेल असा, पाचही बोटं पसरून, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. मुलीनं डोळे उघडले. तिनं त्या हाताकडे पाहिलं आणि ती हलली नाही.